तुम्ही विचारलंत म्हणून : हे डेल पार्नेल कोण?

दोन प्रश्न मला सारखे विचारले जातात आणि दोन्हींचं उत्तर शेवटी एकाच माणसापाशी येतं, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. पहिला प्रश्न मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाकडच्या सत्यनारायणाला हमखास येतो. "तुम्ही कुठे शिकवता?" मी म्हणते कम्युनिटी कॉलेजला, गणित. मग समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते आणि विचारते, "अच्छा, म्हणजे आपल्याकडचं आयटीआय ना?" दुसरा प्रश्न जवळच्या मैत्रिणींचा, "तू ते सारखं पार्नेल पार्नेल करतेस, ते आहेत तरी कोण?" परवा एका ताईंनी दोन्ही प्रश्न एका दमात विचारले, कारण त्यांचा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला पाठवायचं का असा विषय घरात चालू आहे आणि तिकडून सांगलीहून आजोबा फोनवर विचारतायत की अमेरिकेत एवढी वर्षं राहून नातवाला आयटीआयला घालणार का. ताईंना तेव्हा उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवट होतं. हे पूर्ण.

थोडक्यात, पार्नेल म्हणजे अमेरिकेतल्या शाळा आणि कम्युनिटी कॉलेजं चालवलेले आणि त्यांच्यावर पुस्तकं लिहिलेले एक गृहस्थ. पण आधी माझ्या दादाबद्दल सांगावं लागेल, त्याच्याशिवाय पार्नेल मला कळलेच नसते.

आम्ही सातारा जिल्ह्यातले, कराडच्या अलीकडचं गाव. शाळेला तुकड्या होत्या, अ ब क ड. अ तुकडीवर सगळ्या सरांचा जीव, कारण दहावीला शाळेचं नाव काढणार ती मुलं तिथेच, त्यांना सकाळी सातला जादा तास, सुट्टीत सराव पेपर. ड तुकडीवरही लक्ष असायचं, वेगळ्या कारणाने, कोण भिंतीवरून उडी मारून पळालं, कोणाची मारामारी झाली, हेडसरांच्या खोलीबाहेर कायम त्यांच्यातलं कोणीतरी उभं. पण ब आणि क मधल्या मुलांना कोणी काहीच म्हणायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. दादा क तुकडीत. रोज शाळेत जायचा, वह्या पूर्ण असायच्या, पंचेचाळीस-पन्नास टक्के मिळायचे आणि वरच्या वर्गात जायचा. पाच वर्षं शिकवलेल्या एका सरांनी दहावीच्या निरोप समारंभात त्याला विचारलं, "तुझं नाव काय रे?" हे त्याने घरी येऊन हसत सांगितलं होतं पण त्या रात्री तो जेवला नाही, आईने दोनदा विचारलं तरी.

त्याच्याही आधी नववीत एक गोष्ट झाली. बीजगणिताचा तास, फळ्यावर अवयव पाडायचं चाललेलं आणि दादाने हात वर करून विचारलं, "सर, हे पुढं कुठं लागतं?" खरंच विचारलं होतं, वात्रटपणा नव्हता. सरांनी उत्तर दिलं नाही, थोबाडीत दिली. त्यानंतर दादाने शाळेत प्रश्न म्हणून विचारला नाही. मी अ तुकडीत होते. मला तोच प्रश्न कधी पडला नाही, कारण मला माहीत होतं की हे परीक्षेत लागतं आणि परीक्षेच्या पुढे बघायची मला तेव्हा गरज नव्हती.

दहावीला चोपन्न टक्के पडले. दादा हायवेवरच्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसायला लागला, मग आयटीआयला वायरमन केलं आणि आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, आजूबाजूच्या दहा-बारा गावांतल्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. तुम्ही कधी मोटार भरताना बघितलीये का? चोवीस स्लॉट, प्रत्येक कॉइलला ठराविक वेढे, ठराविक गेजची तांब्याची तार. ती तार बाजारात मिळाली नाही तर तिच्या जागी दोन बारीक तारा जोडीने ओढायच्या, पण दोघींचं मिळून क्षेत्रफळ जुन्या तारेएवढं भरलं पाहिजे, नाहीतर मोटार तापून परत जळते. म्हणजे व्यासांचे वर्ग, त्यांची बेरीज आणि मग मूळ. दादा हे तोंडी करतो. नववीतला प्रश्न त्याने विचारला होता त्याचं उत्तर हे होतं, त्याच्या हातात होतं, फक्त वर्गात ते देणारं कोणी नव्हतं.

मी शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, लग्न झालं, ऑरेगॉनला आले. एच फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला मिळतो त्यावर, नोकरी करता येत नव्हती, दिवस जाता जात नव्हते, म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या गणित मदत केंद्रात आठवड्यातून दोन दिवस फुकट शिकवायला जायला लागले. पहिल्याच आठवड्यात एकाच टेबलाभोवती एकोणीस वर्षांची मुलगी, रात्रपाळी करून आलेला पन्नाशीचा माणूस, सोमालियाहून आलेली तीन मुलांची आई आणि पुढे विद्यापीठात इंजिनियरिंगला जायचं ठरवलेला एक मुलगा असे चौघं बसलेले. मला कळेनाच ही शाळा आहे की कॉलेज की अजून काही. तिथल्या लायब्ररीने काढून टाकलेली पुस्तकं एका ढकलगाडीवर ठेवलेली असायची, एक डॉलरला कुठलंही. त्यात एक पातळसं जुनं पुस्तक मिळालं, 'द निग्लेक्टेड मेजॉरिटी', १९८५ सालचं, लेखक डेल पार्नेल. दुर्लक्षित बहुसंख्य. चार पानं उभ्या उभ्या वाचली आणि खरं सांगते, मी तिथेच जमिनीवर बसले.

पार्नेलांचं म्हणणं साधं होतं. हायस्कूलमधली सगळी मुलं मार्कांच्या क्रमाने उभी करा आणि चार भाग पाडा. वरच्या चौथ्या भागाची काळजी सगळ्यांना, ती विद्यापीठात जाणार. खालच्या भागासाठी निदान काही खास योजना आणि कार्यक्रम असतात. मधल्या दोन भागांचं काय? म्हणजे निम्म्या मुलांचं? त्यांना 'जनरल' नावाच्या वर्गांत बसवायचं, थोडं हे थोडं ते, कशाचा कशाला पत्ता नाही, आणि मग सोडून द्यायचं. देशातल्या दर चार मोठ्या माणसांपैकी तिघांकडे बॅचलर डिग्री नसणार आणि शाळा मात्र अशा चालवतोय जणू प्रत्येकाला तीच घ्यायची आहे, हे त्यांना खुपत होतं. मला मात्र त्या पानांवर अमेरिका दिसतच नव्हती, मला आमची ब आणि क तुकडी दिसत होती, खिडकीच्या बाजूच्या चौथ्या बाकावर बसलेला दादा दिसत होता.

आता हे कोणी लिहिलं तर कुठल्या विद्यापीठात बसून आकडेमोड करणाऱ्याने नाही, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. ऑरेगॉनच्या यूजीन शहरात लेन कम्युनिटी कॉलेज आहे, त्याचे हे पहिले प्रेसिडेंट. १९६४ साली त्या भागातल्या लोकांनी मतदान करून कॉलेजसाठी जिल्हा स्थापन केला, म्हणजे स्वतःच्या घरपट्टीतून पैसे द्यायचं कबूल केलं, हे लक्षात घ्या, वरून सरकारने आणून ठेवलेलं कॉलेज नाही ते. १९६५ ला वर्ग सुरू झाले. त्याआधी तिथे एक जुनी धंदेशिक्षणाची शाळा होती, तीच या कॉलेजात सामावून घेतली. लाकडाच्या गिरण्यांचा प्रदेश तो, बाप गिरणीत तर पोरगाही गिरणीत. अशा ठिकाणी पार्नेलांनी एकाच छपराखाली विमानांच्या दुरुस्तीचा कोर्स, नर्सिंग आणि विद्यापीठात पुढे चालणारे इंग्रजी-गणिताचे वर्ग असं सगळं बसवायचं ठरवलं. मी मागच्या उन्हाळ्यात मुद्दाम गाडी काढून ते कॉलेज बघून आले. शहराबाहेर टेकड्यांच्या कुशीत पसरलेलं आहे, त्यांचं स्वतःचं रेडिओ स्टेशनसुद्धा आहे, १९६७ पासून चालू. सुट्टी होती त्यामुळे माणसं कमी होती, पण एका वर्कशॉपच्या काचेतून आत विमानाचं उघडं इंजिन दिसत होतं आणि शेजारच्या खोलीच्या फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं कॅल्क्युलसचं गणित तसंच होतं. मी दोन्हींचे फोटो काढले.

इथे आयटीआयच्या प्रश्नाला हात घालते. आपल्याकडे अकरावी-बारावीला ज्युनियर कॉलेज म्हणतात ना, अमेरिकेत ज्युनियर कॉलेज म्हणजे तेरावी-चौदावी. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज निघालं, हेतू हा की विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच करता यावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परत आले, त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, १९४७ मध्ये प्रेसिडेंट ट्रूमन यांच्या आयोगाने जागोजागी अशी कॉलेजं काढा असं सांगितलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द तिथून रुळला. साठच्या दशकात तर देशभर आठवड्याला जवळपास एक या वेगाने नवीन कॉलेज उघडत होतं, लेन त्यातलंच. आज हजारावर आहेत. तेव्हा आजोबांना असं सांगा की आयटीआय, पॉलिटेक्निक, रात्रशाळा, प्रौढशिक्षण आणि बी.एस्सी.ची पहिली दोन वर्षं हे सगळं एका गेटच्या आत आणलं आणि गेटवर प्रवेश परीक्षेचा कटऑफ ठेवला नाही, तर जे होईल ते कम्युनिटी कॉलेज. आणि आयटीआयला तरी नाक का मुरडायचं, माझ्या दादाचं घर त्याच्यावर उभं आहे.

लेनमधून पार्नेल १९६८ ला ऑरेगॉन राज्याच्या सगळ्या शाळांचे प्रमुख झाले, १९७४ पर्यंत होते. त्या काळातली त्यांची एक गोष्ट इकडे फारशी कुणाला आठवत नाही, मला मात्र ती पुस्तकाइतकीच मोठी वाटते. १९७२ साली ऑरेगॉनने हायस्कूल पास व्हायचे नियम बदलले. नुसतं इतके तास बसलास, इतके विषय घेतलेस म्हणून दाखला नाही, तर जगायला लागणाऱ्या किमान गोष्टी येतात का ते बघायचं. पार्नेल म्हणायचे की माणूस आयुष्यात काही भूमिका निभावतो, तो शिकणारा असतो, कमावणारा असतो, ग्राहक असतो, नागरिक असतो, घरातला माणूस असतो आणि त्या सगळ्यांशिवाय स्वतः एक व्यक्ती असतो, तर शाळेने त्या भूमिकांसाठी काय दिलं ते आधी सांगा. पैशांचा हिशोब ठेवता येतो का, करार वाचून सही करता येते का, मतदान कसं चालतं कळतं का. १९७८ च्या बॅचला हे नियम लागू झाले. अंमलबजावणीत खूप गोंधळ झाला असं त्या वेळचे रिटायर्ड शिक्षक सांगतात, चेकलिस्टांचे कागद भरता भरता जीव गेला म्हणतात, तेही खरं असणार, कारण चांगल्या कल्पनेचं फॉर्ममध्ये रूपांतर झालं की काय होतं ते आपण मराठी शाळांतही बघितलंय.

मग १९८१ ते १९९१ ते वॉशिंग्टनमध्ये कम्युनिटी आणि ज्युनियर कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रेसिडेंट होते. या दहा वर्षांत सगळं घडलं. १९८३ मध्ये 'अ नेशन ॲट रिस्क' हा सरकारी अहवाल आला, देश धोक्यात आहे, शाळा ढिसाळ झाल्यात. उपाय काय तर सगळ्यांना चार वर्षं इंग्रजी, तीन वर्षं गणित, तीन वर्षं विज्ञान, तीन वर्षं समाजशास्त्र, थोडं कॉम्प्युटर. पार्नेलांना गणित-विज्ञान वाढवण्याबद्दल तक्रार नव्हतीच. तक्रार ही होती की शिकवण्याची रीत तीच ठेवून नुसता डोस वाढवला तर वरच्या पंचवीस टक्क्यांचं भलं होईल आणि मधली मुलं अजून मागे सरकतील. 'एक्सलन्स' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता, त्यांनी त्याला 'अपॉर्च्युनिटी' जोडून घेतला, संधीसकट गुणवत्ता. दोन वर्षांनी हे पुस्तक.

पुस्तकात नुसतं रडगाणं नाही, एक ठोस योजना आहे, टेक प्रेप. हायस्कूलची शेवटची दोन वर्षं आणि कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं, दोन अधिक दोन, मिळून एक सलग चार वर्षांचा अभ्यासक्रम. दोन्हीकडच्या शिक्षकांनी एका टेबलावर बसून ठरवायचा, म्हणजे मुलाला अकरावीत शिकलेलं कॉलेजात परत शिकावं लागणार नाही आणि मधे खड्डाही राहणार नाही. पाया गणित, विज्ञान आणि भाषेचाच, फक्त यंत्रांच्या, आरोग्याच्या, शेतीच्या, बांधकामाच्या संदर्भात शिकवलेला. शेवटी हातात असोसिएट डिग्री, म्हणजे कॉलेजची दोन वर्षांची पदवी. आपल्याकडे आयटीआय करून डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जाता येतं ना, किंवा एमसीव्हीसीची, म्हणजे अकरावी-बारावीला धंदेशिक्षण घेतलेली मुलं जायची, कल्पनेची जातकुळी तीच. फरक एवढाच की आपल्याकडे तो पूल प्रवेशाच्या नियमांत आहे, आयटीआयच्या निदेशकांनी आणि पॉलिटेक्निकच्या लेक्चररनी एकत्र बसून अभ्यासक्रम लावलाय असं मी तरी बघितलेलं नाही. पार्नेलांचा सगळा जोर त्या एकत्र बसण्यावर होता.

पाच वर्षांत ही कल्पना कायद्यात गेली. १९९० च्या पर्किन्स कायद्यात, म्हणजे धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा देणाऱ्या कायद्यात, टेक प्रेपसाठी वेगळा भाग आला आणि पुढे कितीतरी वर्षं केंद्र सरकार त्यावर दरवर्षी दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च करत होतं. एका कॉलेजवाल्या माणसाच्या पुस्तकातून संसदेत जाऊन कायद्यात उतरणं, असं किती पुस्तकांचं होतं? २०११ च्या बजेटात तो वेगळा निधी बंद झाला. म्हणून काही जण म्हणतात की पार्नेलांचं काम संपलं. मला तसं वाटत नाही, आज माझ्याच वर्गात हायस्कूलची मुलं बसतात, सोळा-सतरा वर्षांची, एकाच वेळी शाळेचे आणि कॉलेजचे क्रेडिट घेतात, ड्युअल क्रेडिट म्हणतात त्याला. ते एकट्या पार्नेलांमुळे नाही, पण शाळा आणि कॉलेज यांच्यातली भिंत पाडायला ज्यांनी हातोडा घेतला त्यात ते अगदी पुढे होते.

कौतुकच करत बसले असं नको व्हायला. टेक प्रेपची तपासणी झाली तेव्हा दिसलं की बऱ्याच ठिकाणी करार कागदावर झाले, मुलांनी ते क्रेडिट प्रत्यक्षात वापरलेच नाहीत. शिक्षकांचं एका टेबलावर बसणं, जो त्याचा प्राण होता, तेच सगळ्यात कमी झालं. आणि त्याहून मोठा आक्षेप आहे, जो मला रात्री खरंच छळतो. बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९६० सालीच सांगून ठेवलं होतं की ही कॉलेजं दार उघडं ठेवतात आणि आत घेतल्यावर मुलाची स्वप्नं हळूहळू, गोड बोलून, विझवतात. तुला डॉक्टर नाही जमणार बेटा, लॅब टेक्निशियन बघ. त्याला त्यांनी 'कूलिंग आउट' म्हटलं. मधल्या मुलांसाठी वेगळा रस्ता काढायचा म्हटलं की तो रस्ता गरिबांच्या, काळ्यांच्या, मेक्सिकोहून आलेल्यांच्या पोरांसाठीच राखून ठेवला जायची भीती असते, आणि आपल्याला तर हे नव्याने सांगायला नको, कोणाच्या पोराने काय शिकावं हे जन्मावरून ठरवणं आपण हजारो वर्षं केलंय. आजचे आकडेही बोचरे आहेत. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या बहुतेक मुलांना पुढे बॅचलर करायचं असतं, पण सहा वर्षांत ते प्रत्यक्षात करणारी साधारण सोळा टक्के.

मग पार्नेल चुकले का? मी यावर खूप विचार केलाय. माझं मत असं की रस्ता वेगळा असण्यात चूक नाही, तो रस्ता मधेच संपण्यात चूक आहे. पार्नेलांच्या लिखाणात सलगता, कंटिन्यूइटी, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, पण सलगता चौदावीपाशी येऊन जरा मंद होते, पुढे विद्यापीठाशी जोडणी किती पक्की असावी यावर त्यांनी जेवढं जोरात बोलायला हवं होतं तेवढं ते बोलले नाहीत. असोसिएट डिग्रीला स्वतःचा मान मिळावा म्हणून ते इतके झगडत होते की पुढच्या पुलाकडे लक्ष कमी पडलं असेल. त्यांच्याच कारकिर्दीत १९८८ मध्ये संघटनेच्या आयोगाचा अहवाल आला, अध्यक्ष अर्नेस्ट बॉयर, त्यात म्हटलं होतं की कम्युनिटी म्हणजे नुसता सेवा द्यायचा प्रदेश नाही तर निर्माण करायचं वातावरण आहे. वातावरण हा शब्द मला फार आवडतो. दार उघडं असणं वेगळं आणि आत कुणाला तरी तुमचं नाव माहीत असणं वेगळं.

आता त्यांचं दुसरं पुस्तक, ज्यासाठी मी खरंतर हे सगळं लिहायला बसले. १९९५ साली आलं. नाव, 'व्हाय डू आय हॅव टू लर्न धिस?'

हे मी का शिकायचं.

मला ते नाव पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कॉलेजात पार्ट टाइम शिकवायला लागून वर्ष झालं होतं. ज्या प्रश्नाला आमच्या शाळेत थोबाडीत मिळाली तो प्रश्न एका माणसाने, ज्याने अख्ख्या राज्याच्या शाळा चालवल्या, देशभरच्या कॉलेजांचं नेतृत्व केलं, त्याने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातला होता. आणि मुलांची तक्रार म्हणून नाही तर शिक्षकाने द्यायलाच हवं असं देणं म्हणून. पार्नेलांचं म्हणणं, मेंदू अर्थ शोधतो, ओळखीच्या कशाला तरी नवीन गोष्ट जोडली गेली की ती टिकते. म्हणून संदर्भ हा गणित सोपं करून देण्यासाठी लावलेला गूळ नाही, संदर्भ हाच शिकण्याचा रस्ता आहे. मी हे वाचलं आणि माझ्या वर्गात मी काय करत होते ते आठवलं. मी कराडच्या सरांसारखी मारत नव्हते, पण उत्तरही देत नव्हते. "पुढच्या कोर्सला लागेल" म्हणायचे.

त्या टर्मला माझ्या वर्गात एक छपरं घालणारा माणूस होता, पस्तिशीचा, ऑरेगॉनमध्ये पाऊस एवढा की छपरवाल्याला काम कमी नाही, पण गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी शिडी चढू नका सांगितलं होतं, म्हणून कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट करायला आला होता. रेषेचा चढ, स्लोप, हा धडा चालू होता. दोनदा चाचणीत शून्य. तिसऱ्यांदा तो वही मिटून उठला, तेव्हा मी त्याला विचारलं की छपराचा उतार तुम्ही कसा सांगता? तो म्हणाला, फोर ट्वेल्व्ह, सिक्स ट्वेल्व्ह. म्हणजे काय? म्हणजे बारा इंच आडवं गेलं की चार इंच चढायचं. मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने फळ्यावर छप्पर काढलं, फोर ट्वेल्व्हवर माणूस आरामात चालू शकतो, एट ट्वेल्व्हवर दोर लागतो, दोन बाय बाराच्या खाली नेहमीच्या शिंगल्स घालत नाहीत, पाणी आत येतं, असं पंधरा मिनिटं तो बोलत होता आणि अख्खा वर्ग ऐकत होता. मग मी शेजारी फक्त अक्ष काढले आणि चार भागिले बारा लिहिलं. त्याने बघितलं. भिंतीची उंची कुठे धरू, असं त्यानेच विचारलं, म्हणजे समीकरणातला दुसरा आकडा, ज्याच्यासाठी मी दोन आठवडे घसा फोडत होते, तो त्याने स्वतः मागून घेतला. टर्मच्या शेवटी त्याला बी मिळाला. त्याला तो छप्पर घालणारा आहे म्हणून कमी गणित शिकवलं असं झालं नाही, तेच गणित, तीच परीक्षा, हे मी मुद्दाम सांगतेय कारण संदर्भ म्हटलं की लोकांना वाटतं सोपं करून दिलं.

त्या रात्री, म्हणजे दादाच्या सकाळी, मी त्याला फोन केला. दुकान उघडत होता, मागे शटरचा आवाज. त्याला पुस्तकाचं नाव मराठीत सांगितलं आणि कोणी लिहिलंय ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शाळांचा साहेब होता ना तो? आणि त्याने हे विचारलं?" मी म्हटलं हो. "बरं," म्हणाला, आणि मग मोटारीचं गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. पण तेव्हापासून त्याच्याकडे कामाला असलेल्या दोन पोरांना तो वहीत तारांचे हिशोब लिहून दाखवायला लागलाय, आधी नुसता "बघून शिक" म्हणायचा. वहिनीने मला त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'हे का करायचं', आणि खाली आकडेमोड.

तर ताई, तुमच्या मुलाचं. त्याला आमच्याकडे पाठवा असं मी सरसकट सांगणार नाही, पण पाठवायचं ठरवलंत तर त्या सोळा टक्क्यांच्या आकड्याला न घाबरता त्याची तयारी करा. त्याला शेवटी कुठल्या विद्यापीठात कुठल्या विषयाला जायचंय ते पहिल्या टर्मच्या आधी ठरवा, नंतर नाही. त्या विद्यापीठाच्या साइटवर आमच्या कॉलेजचा कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या बदल्यात चालतो याची यादी असते, ती छापून काढा आणि ॲडव्हायजरला भेटताना बरोबर न्या, कारण एका ॲडव्हायजरकडे शेकडो मुलं असतात, विचारल्याशिवाय तो सांगेलच असं नाही. गणिताचा कोर्स एकही टर्म सोडू देऊ नका, एकदा खंड पडला की परत बसणं फार जड जातं, हे मी रोज बघते. फीचं म्हणाल तर विद्यापीठाच्या मानाने खूपच कमी, आणि ऑरेगॉनच्या हायस्कूलमधून नुकत्याच पास झालेल्या मुलांसाठी २०१५ च्या कायद्याने सुरू झालेली ऑरेगॉन प्रॉमिस नावाची मदत आहे, तिचे निकष आणि तारखा बदलतात म्हणून आत्ताच बघून घ्या. आमची फॉल टर्म सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी गणित मदत केंद्रात असते, मुलाला एकदा घेऊन या, आजोबा इकडे आलेले असतील तर त्यांनाही आणा, त्यांना वेल्डिंगची शॉप आणि केमिस्ट्रीची लॅब दोन्ही दाखवते, एकाच कॉरिडॉरमध्ये आहेत.